कड्यांची जाहिरात आणि बाऊजींचा फोटो

मी काय काम करते असं कुणी विचारलं की आमचे हे घाईघाईने मध्ये पडतात आणि म्हणतात, "आरोग्यविषयक." एवढं बोलून ते समोरच्याच्या बशीत चिवडा वाढायला लागतात. आयुष्य विम्यात काढलेला माणूस. भर लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाला गाठून "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर" असं विचारताना त्यांना कधी लाज वाटली नाही. पण आपली बायको ज्या वेबसाइटसाठी जाहिराती मिळवते तिथे नवरा-बायकोच्या खोलीतल्या गोष्टी उघड लिहिलेल्या असतात, हे सांगायची वेळ आली की त्यांना ठसका लागतो. मग पाणी मीच आणून देते.

वेबसाइट आमच्या मागच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंची. आम्ही जयपूरला तिलक नगरात भाड्याने राहतो. बाईंचं तिथे स्वतःचं घर आहे, वडिलांनी बांधलेलं. वडील डाकखात्यात होते, त्यामुळे बाईंचा जन्म, शाळा, कॉलेज, दवाखाना सगळं जयपूरचं. मराठी बोलतात, पण दर दोन वाक्यांनी 'मतलब'वर टेकत. बायकांच्या डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर गुडघे चोळत बसण्याऐवजी हिंदीतून हे पान काढलं. कुणीही नाव न सांगता प्रश्न विचारायचा आणि बाईंनी उत्तर द्यायचं. उत्तरात 'तिथे', 'खाली', 'ती जागा' असलं काही नाही. शरीराच्या ज्या भागाला जे नाव आहे ते नाव. पहिल्यांदा ते पान वाचलं तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली होती, जसं काही ती अक्षरं शेजारी ऐकू जाणार होती.

माझा आणि इंटरनेटचा संबंध म्हणाल तर सकाळी गुलाबाच्या फुलासकट येणारे सुविचार पुढे ढकलणं, एवढाच. पण आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेला मी सलग चार वर्षं जाहिराती मिळवल्या होत्या. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना त्यातली मेहनत कळायची नाही. ज्या दुकानदाराला मराठीचा म कळत नाही, जो ती स्मरणिका उघडूनसुद्धा बघणार नाही, त्याच्याकडून आख्खं पान काढून घ्यायचं. माझी पद्धत ठरलेली. जाताना डब्यात उकडीचे मोदक न्यायचे, पहिला नकार ऐकूच आला नाही असं दाखवायचं, चहा पूर्ण प्यायचा आणि निघताना विचारायचं, "मग वडिलांचा फोटो कोणता छापायचा?" इथे माणूस विरघळतो. स्मरणिकेतल्या निम्म्या जाहिराती म्हणजे कैलासवासी वडील, फोटोला हार, खाली 'शुभेच्छुक' आणि मुलांची नावं. धंदा कसला आहे ते कोपऱ्यात बारीक अक्षरात. "तुम्ही दगडाकडूनसुद्धा, मतलब, फुल पेज काढाल," असं म्हणून बाईंनी मला कामावर ठेवलं.

मंडळात ही बातमी पसरायला एक हळदीकुंकू पुरलं. बाहेरच्या खोलीत सगळ्याजणी माझ्याशी मुलांच्या परीक्षा आणि गॅस सिलिंडर याखेरीज कशावरच बोलेनात. पण मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले की मागोमाग एकजण यायची, माठाचं झाकण नीट करायची आणि म्हणायची, "अगं, माझी एक मैत्रीण आहे, तिचा एक प्रश्न होता." त्या संक्रांतीला लागली तितकी तहान मला कधीच लागली नव्हती. कुणाची ही मैत्रीण, ते मी कधी विचारलं नाही. प्रश्न बाईंपर्यंत पोचवत राहिले.

सुरुवातीला जाहिरातींसाठी मला फारसं काही करावंच लागत नव्हतं. बाईंचा भाचा बंगळूरला संगणकाच्या नोकरीत आहे, त्याने सोय करून दिली होती. जाहिरातींची एक मोठी कंपनी असते, तिचं यंत्र आपणहून पानावर जाहिराती सोडतं आणि कंपनी महिन्याचे पैसे धाडते. कोणती जाहिरात कुठे येईल याला मात्र काही धरबंध नव्हता. मूल होत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या बाईच्या प्रश्नाशेजारी ट्रॅक्टर. नवरा जवळ येत नाही, या तक्रारीखाली चारधाम यात्रेचं बुकिंग. मग एके दिवशी कंपनीने कळवलं की या पानावर प्रौढांसाठीचा मजकूर आहे, सबब जाहिराती बंद. भाच्याने समजावलं की हे कुणी माणूस ठरवत नाही, यंत्र फक्त शब्द बघतं. शब्द बदलले तर पुन्हा सुरू होईल. बाई भडकल्या. "गर्भाशयाला मी काय म्हणू? पोटातली पिशवी? पिशवी म्हटलं की पेशंट, मतलब, लगेच काढून टाका म्हणते. नीट नाव घेतलं की जरा विचार करते." यंत्राला गर्भाशय आणि गल्लीतली शिवी दोन्ही सारखीच, आणि बाई शब्द बदलणार नव्हत्या, त्यामुळे पान कोरडं पडलं.

पान कोरडं पडलं आणि दारात जे लोक आले ते पाहून मला घाम फुटला. खातीपुऱ्याकडे जाताना रेल्वेच्या कडेच्या भिंती ज्यांनी रंगवून ठेवल्यात तेच हे. खोई हुई जवानी, पुरानी ताकत, एक ही खुराक में. आता भिंतीवरून इंटरनेटवर आले होते. त्यातला एक तेलवाला फारच मागे लागला. त्याच्या माणसाचा आवाज इतका गोड की फोन ठेवल्यावर हात धुवावेसे वाटायचे. वर्षभराची जागा घेतो, पैसे आगाऊ देतो, फक्त डॉक्टरबाईंच्या उत्तराला अगदी चिकटून आमची बाटली दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी त्या तेलाचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "या तेलांनी भाजलेली माणसं मी पाहिलीयेत. बायका नवऱ्याला मागच्या दाराने आणायच्या, शाल पांघरून. आयुष्यभर मी यांनी केलेली घाण निस्तरली. आता त्यांच्याच पैशावर उत्तरं देऊ?" पण पान चालवायला खर्च येतोच, आणि बाईंचं पेन्शन त्यात मुरत होतं. होळीपर्यंत कुणी सभ्य जाहिरातदार मिळाला तर ठीक, नाहीतर पान बंद, असं त्यांनी सांगितलं. मला तेलवाल्याचा राग आला, यंत्राचा आला आणि सगळ्यात जास्त राग आला तो सभ्य लोकांचा. दिवसा चारचौघांत नाक मुरडतात, आणि हे पान वाचणारे तेच.

मी मोदकांचा डबा भरला आणि निघाले. आधी गेले रजयांच्या एका व्यापाऱ्याकडे. माझा हिशोब सरळ होता. जयपूरची थंडी, दोघांची रजई, पान नवरा-बायकोचं. यापेक्षा चांगली जागा त्याला कुठे मिळणार? त्याने सगळं शांतपणे ऐकलं, मोदक खाल्ला आणि म्हणाला, "मैडमजी, हमारी रजाई में लोग सिर्फ सोते हैं." मी म्हटलं, मग तुमचा धंदा कठीण आहे. त्यावर तो हसला, चहासुद्धा पाजला, पण जाहिरात दिली नाही.

मग सांगानेरला गेले, चादरींवर ठशांचं काम करणाऱ्याकडे. त्याला कल्पना एकदम पसंत पडली. कुठली चादर दाखवायची तेही ठरलं, लाल बुट्ट्यांची, मोठ्या पलंगाची. फक्त घरी विचारून सांगतो म्हणाला आणि पान वाचायला म्हणून बायकोच्या फोनवर पाठवून दिलं. थोड्या वेळाने तिचा फोन आला. तो उठून दाराशी गेला आणि "हाँ… हाँ… नहीं नहीं, मैंने नहीं पढ़ा" एवढंच म्हणत राहिला. मी माझी पर्स आणि डबा उचलला. परतीच्या बसमध्ये उरलेले मोदक मीच खाल्ले, रागाने.

होळी जवळ येत चालली होती. एका दुपारी जेवणं आटोपल्यावर मी त्या पानावरचे जुने प्रश्न वाचत बसले. काही शोधायचं होतं असं नाही, नुसतीच हिरमुसून बसले होते. एका मुलीने लिहिलं होतं, दीर आणि जाऊ पडद्यापलीकडे झोपतात, मी श्वास घ्यायलाही घाबरते. एका पुरुषाला वाटत होतं की त्याला मोठा आजार आहे, सगळं फार घाईत आटपतं. आणि शेवटी सहज लिहिलं होतं की दार नुसतं लोटलेलं असतं, पाण्याचा तांब्या आमच्याच खोलीत असतो, आई कधीही येते. आणखी एकीची दोन मुलं पलंगावर, सासू खाली गादीवर, आणि डॉक्टरांना प्रश्न असा की माझी इच्छा का मेली. बाईंनी जवळजवळ प्रत्येकाला पहिली ओळ तीच लिहिली होती: आधी दाराला आतून कडी बसवा. औषधाचं नंतर बघू.

मी ताडकन उठले. हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. म्हटलं, "अहो, साताऱ्याच्या घरी आपल्या खोलीला कडी होती ना?"

"होती की."

"मग आपण कधी लावायचो का?"

हे पेपरात आणखी आत शिरले. लावायचो नाही. लावली तर सकाळी सासूबाई चहा देताना विचारायच्या, "काल वारा फार होता का गं?" सासूबाई वाईट नव्हत्या. दार लावून घेणं म्हणजे घरातल्यांना बाहेर काढणं, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि मीही त्या वयात तसंच समजत होते.

कडीला इथे कुंडी म्हणतात. परकोट्याच्या आत, जुन्या शहरात, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या विकणारं एक जुनं दुकान मला ठाऊक होतं. खाली दुकान, वर घर. मालक पंचेचाळिशीचा, गोरा, जरा भित्रा. मी त्याला सगळं सरळ सांगितलं. लोक पानावर येतात, बाई त्यांना रोज कडी बसवायला सांगतात, आणि कडी कुठे मिळते ते मात्र कुणी सांगत नाही.

"पर दवाई तो हम बेचते नहीं," तो म्हणाला.

"दवाई चाहिए ही नहीं, भैया. कुंडी चाहिए."

"मतलब डॉक्टरनी के पर्चे पे हमारा माल?" त्याचे डोळे चमकले. डॉक्टरच्या चिठ्ठीवर आपल्या कडीचं नाव, ही गोष्ट त्याला फारच भारदस्त वाटली. त्याने एका झटक्यात होळीपर्यंतची जागा घेतली. मी इतकी हरखले की जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "मग बाऊजींचा फोटो कोणता लावायचा?"

तो विरघळला. गल्ल्यामागच्या भिंतीवर बाऊजी होते, त्याचे कैलासवासी वडील. डोक्याला केशरी साफा, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या, नजर अशी की समोरच्याचं सगळं दुखणं एका क्षणात ओळखलंय. हार तेवढा दाखवू नका, तो म्हणाला, बाऊजींचा भरोसा आजही जिवंत आहे. मजकूर त्यानेच सांगितला: 'पीढ़ियों का भरोसा. एक बार आजमाएँ.' शेजारी पितळी कडीचं मोठं चित्र, आणि दुकानाच्या पाटीवर असतो तोच फोन नंबर.

भाच्याने जाहिरात बनवून लावली. आम्ही ती यांच्या संगणकावर बघितली. डावीकडे बाऊजी, उजवीकडे कडी. यांनी चष्मा वर करून नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "अगदी स्मरणिकेसारखी दिसतेय." माझ्या दृष्टीने यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. बाईंनीही आपल्या संगणकावर पाहिली आणि पुष्कळ दिवसांनी मनापासून हसल्या. म्हणाल्या, "सभ्य आहे. मतलब, एकदम घरातली वाटते."

आम्ही तिघंही साठीच्या आसपासची किंवा पलीकडची. लोक हे पान संगणकावर बघतच नाहीत, पांघरुणात फोनवर बघतात, हे आमच्या ध्यानात आलं नाही. फोनवर जागा अरुंद असते. तिथे जाहिरात उजव्या अंगाने कापली जात होती. कडी गेली. उरले बाऊजी, साफा, मिशा, ती नजर, 'पीढ़ियों का भरोसा, एक बार आजमाएँ' आणि नंबर. आणि वर बाईंचं शीघ्रपतनावरचं उत्तर.

पहिला फोन आला तो तेलवाल्याच्या माणसाचा. आवाज नेहमीपेक्षाही गोड. "मैडम, वैद्यजी का ऐड तो आपने ले लिया. फिर हमसे क्या परहेज?" मी म्हटलं, कुठले वैद्यजी? मग यांचा फोन हिसकावून घेतला, पान उघडलं आणि खालीच बसले.

पाठोपाठ दुकानाच्या मालकाचा फोन. तो जवळजवळ रडत होता. झालं असं होतं की पाटीवरचा नंबर बाऊजींचा. ते गेल्यापासून तो फोन वर घरात, त्यांच्या बायकोजवळ म्हणजे मालकाच्या आईजवळ असतो. नंबर जुना, गिऱ्हाइकं जुनी. आई ऑर्डर ऐकते आणि जिन्यातून खाली ओरडून सांगते. आदल्या सकाळी दुकान भरलेलं असताना ती जिन्यातून ओरडली, "अरे, कोई पूछ रहा है, कितने दिन में फरक पड़ता है?" मालकाला वाटलं, कडीला गंज चढतो त्याबद्दल असेल. तो खालून ओरडला, "बोल दो, जिंदगी भर की गारंटी!" क्षणभराने पुन्हा वरून, "पूछ रहा है, शादी अगले महीने है, तब तक हो जाएगा?"

तेव्हा तो धावत वर गेला आणि फोन हातात घेतला. म्हणाला, भाईसाहब, हे कुंडीचं दुकान आहे. पलीकडचा माणूस समजूतदार निघाला. "समझ गया, समझ गया, पास में लोग बैठे होंगे. मैं शाम को करता हूँ." पुढच्याला त्याने सवयीने विचारलं, "साइज कौन सा चाहिए, चार इंच कि छह इंच?" आणि तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला. हे सांगताना त्याला हसू येत नव्हतं. मला येत होतं आणि मी ते दाताखाली दाबून धरलं होतं.

"मेरे बाऊजी मंदिर के ट्रस्ट में थे, मैडमजी," तो म्हणाला. "सारा बाजार हँस रहा है. आज के आज हटाओ. फोटो भी, नाम भी. पैसा वापस नहीं चाहिए."

माझं हसू तिथेच विरलं. मी बाईंकडे गेले. त्यांनीही आता फोनवर पाहिलं होतं. मला वाटलं चिडतील, पण त्या नुसत्या थकल्यासारख्या दिसत होत्या. "लोकांना माझ्या उत्तरापेक्षा, मतलब, मिशा जास्त पटतात," त्या म्हणाल्या. "तेलवाला बरोबर बोलला. जाऊ दे आता. बंद करू या." टेबलावर त्यांनी उत्तर लिहायला घेतलेला प्रश्न तसाच अर्धा उघडा होता. मला स्वतःच्या हरण्याची इतकी लाज वाटली की मी चहासुद्धा न घेता उठले.

दुपारी दुकानात गेले. डबा नव्हता. मालकाला म्हटलं, बाऊजींना काढते, नुसती कडी ठेवते, फोनवर नीट दिसेल अशी करून घेते. तो मान हलवायला तयार नव्हता. शेवटी म्हणाला, जे व्हायचं ते झालं, आधी वर जाऊन आईची माफी मागा. दोन दिवस तिला हे ऐकावं लागलंय. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी जिना चढले. तो मागून आला.

वरच्या खोलीत तख्तावर एक लहानखुरी म्हातारी बसली होती, डोक्यावरून ओढणी, कानाशी फोन. तिने मला हातानेच बसायला सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच "हाँ…" म्हणायची, मध्येच "फिर?" आणि एकदा अगदी हळू, "सास को मालूम है?" पलीकडे कुणी बाई बोलत होती, शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने म्हातारीने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"फोटो तूने लगवाई?"

मी हो म्हटलं. हात जोडले. चूक झाली, आजच काढते, असं म्हणत होते तोच मुलगा मागून बोलला, "मां, आज निकल रही है."

"क्यूँ निकल रही है?"

"मां, लोग बाऊजी को… वो वाला वैद्य समझ रहे हैं."

"मुझे पता है क्या समझ रहे हैं. दो दिन से फोन मैं उठा रही हूँ." ती माझ्याकडे वळली. "आदमी मेरी आवाज सुनते ही काट देते हैं. औरतें नहीं काटतीं. मैं कहती हूँ, वे तो गुजर गए. कहती हैं, माफ करना मांजी. फिर भी नहीं काटतीं." तिने ओढणी सारखी केली. "मैं क्या जानूँ दवा-दारू. सुन लेती हूँ. फिर कह देती हूँ, दरवाजे में कुंडी लगवा ले."

"मां, बाजार में लोग क्या कहेंगे," मुलगा म्हणाला.

समोरच्या भिंतीवरही बाऊजी होते, इथे चंदनाचा हार घातलेले. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, रागाने नाही आणि प्रेमानेही म्हणता येणार नाही.

"आधे शहर के दरवाजों में कुंडी इन्होंने लगाई," ती म्हणाली. "हमारे कमरे में नहीं लगाई. इनकी मां बुरा मानतीं. पचास बरस साथ रही, एक बात नहीं पूछ सकी इनसे. न अपनी, न इनकी. अब दुनिया पूछ रही है, तो पूछने दे."

मुलगा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला आणि आपल्या पायांकडे बघत राहिला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते मी लपवलं नाही. म्हातारीने मला बजावलं की फोटो राहील, पण कडीही दिसली पाहिजे, मोठी. मी मान डोलावली. मग मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "होली तक नहीं, मैडमजी. साल भर का लिख लो." मी बाईंना कळवायला पर्समध्ये फोन शोधू लागले.

तेवढ्यात तख्तावरचा फोन वाजला. मुलाने सवयीने हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला आणि फोन कानाला लावला.

"वे तो नहीं रहे, बेटी," ती म्हणाली. "मैं हूँ. तू बोल."